तुमच्याकडं कामाला कोन येतं?

वच्छलामावशींनी माझ्यावर शेवटपर्यंत पूर्ण विश्वास ठेवला नाही, आणि त्याचा मला अजून राग आहे. वर्षानुवर्षं मी त्यांच्या केंद्रात मुलांना इंग्रजी शिकवायला जात होते. एवढ्या काळात शेजारचं मांजरसुद्धा ओळख दाखवतं. मावशी मात्र मी दारात दिसले की पहिल्या दिवशी पाहिलं तसंच पायांपासून डोक्यापर्यंत पाहायच्या, हातातली पिशवी नजरेनेच चाचपायच्या आणि मग पाय बाजूला घ्यायच्या. पाय खरोखरच बाजूला घ्यावे लागत, कारण दाराच्या आत प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या उंबऱ्यावर पाय आडवे पसरून बसलेल्या असत. गुडघे दुखतात म्हणून, असं त्यांचं म्हणणं. मला त्याबद्दल दाट शंका होती.

केंद्र म्हणजे भोरमधल्या एका मंगल कार्यालयाच्या मागच्या दोन खोल्या. गावात धुणीभांडी आणि पोळ्यांची कामं करणाऱ्या बायकांची मुलं शाळा सुटली की तिथं येतात आणि आया संध्याकाळची कामं उरकून येईपर्यंत थांबतात. अभ्यास, खिचडी, कॅरम आणि भांडणं असा तिथला कार्यक्रम. बायकांचीही अधूनमधून बैठक भरते. कुणाला न सांगता कामावरून काढलेलं असतं, कुणावर चोरीचा आळ आलेला असतो. हे सगळं नीलम नावाची नसरापूरहून रोज एसटीने येणारी एक तरतरीत मुलगी सांभाळते. मावशींना तिथं पद वगैरे काही नव्हतं. आयुष्यभर लोकांची घरं झाडून गुडघे कामातून गेल्यावर एक दिवस त्या येऊन दारात बसल्या, आणि त्यांना ऊठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी पहिल्यांदा तिथं गेले, तेव्हा मनात असं की आपण फुकट शिकवायला येतोय, म्हणजे लोक खुर्ची पुढे करतील. मावशींनी पाय हलवला नाही. ठेंगणी, काटक बाई, हनुवटीवर आडवा जुना व्रण, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न आला.

"तुमच्याकडं कामाला कोन येतं?"

मी चाचरत सांगितलं की शोभा येते, भांड्यांना. "कवापासून?" पुष्कळ वर्षं झाली. "बरं," असं म्हणून त्यांनी पाय घेतला. दोन दिवसांनी शोभा भांडी घासता घासता हसायला लागली, तेव्हा कळलं की मावशींनी तिला गाठून माझी उलटतपासणी केली होती. मी सुट्टी देते का, शिळं देते का, आवाज चढवते का, कुलूप कशाकशाला लावते. शोभाने काय सांगितलं ते तिने मला आजतागायत सांगितलेलं नाही. भोरमध्ये डॉक्टर असो, वकील असो की नगरपालिकेतला साहेब असो, मावशींपाशी त्याची पारख त्याच्या मोलकरणीकडून व्हायची.

पहिल्या दिवशीचा दुसरा प्रकार चहाचा. नीलम आणि बायका स्टीलच्या पेल्यांतून चहा प्यायल्या. मला मावशींनी खिडकीच्या कठड्यावर पालथा घातलेला एक कप काढून दिला. पांढरा, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. मी त्या कपाकडे बघतच राहिले. असा कप कुठल्या घरात नसतो? मोरीजवळच्या खिडकीत नाहीतर फ्रिजच्या मागे, वेगळा ठेवलेला, कामवालीचा. तिने प्यायचा, तिनेच विसळायचा आणि तिथंच पालथा घालायचा. केंद्रात त्यांनी तो पाहुण्यांसाठी ठेवला होता. कुणाच्या घरातून तो त्यांच्याबरोबर आला होता कोण जाणे. मी चहा प्यायले, कप विसळला आणि कठड्यावर पालथा घातला. मावशी बघत होत्या, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

पुढे मी त्या कपाची अनेक माणसं पाहिली. एका कंपनीतले लोक बॅनर आणि बिस्किटांचे खोके घेऊन आले होते, त्यांच्यातल्या एकाने कप हातात घेतला आणि चहा नको म्हणाला. दुसऱ्याने प्यायला आणि तिथंच जमिनीवर ठेवून दिला. मावशींनी बिस्किटांच्या पुड्यांवरच्या तारखा नातवाच्या वयाच्या पोरांकडून वाचून घेतल्या, कंपासपेट्या हलवून आत खरंच काही आहे का ते पाहिलं. त्यातल्या साहेबांनी मुलांना ओळीत उभं करून मोबाईल बाहेर काढला, तेव्हा मावशी म्हणाल्या की आधी तुमच्या पोरांचे फोटो आमाला दाखवा, आमी बी बघतो ती कशी हायत. साहेब हसले. मावशी हसल्या नाहीत. शेवटी फोटो बॅनरचाच निघाला, मुलांशिवाय.

जुने कपडे आले की त्या आधी सगळे खिसे उलटे करायच्या. मला वाटे काही सापडेल म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाल्या, काही सापडू नये म्हणून. त्यांच्या कामाच्या एका घरी म्हणे दर थोड्या दिवसांनी कानातल्या कुड्या कधी उशीखाली, कधी बेसिनवर, कधी झाडूच्या वाटेत पडलेल्या असायच्या. दर वेळी त्या उचलून मालकिणीच्या हातात द्यायच्या आणि मालकीण दर वेळी "अगं बाई, इथं कशा?" म्हणायची. हे सांगताना मावशींनी त्या मालकिणीचा आवाज असा हुबेहूब काढला की मी हसले. मग एकदम हसू आवरलं. पारख करायची म्हणजे काहीतरी समोर ठेवून लपून बघायचं, हे त्या तिथंच शिकल्या होत्या.

संशयाचं हे दुकान नेहमी नफ्यातच चालायचं असं मुळीच नाही. किकवीचा एक तरुण शनिवारी बाईकवरून यायचा आणि मुलांना बुद्धिबळ शिकवायचा. लाजाळू, भला मुलगा. मुलं त्याच्यासाठी वेडी झाली होती. त्याच्या घरी कामाला कुणीच नव्हतं, आई आणि तो मिळून सगळं करायचे, त्यामुळे मावशींच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. चौकशी करायची कुणाकडे? मावशी पटाजवळच खुर्ची ओढून बसू लागल्या. कुणा पोरीच्या हातातलं प्यादं त्याने हाताला धरून सरकवलं की खाकरायच्या. तो काय समजायचं ते समजला. एका शनिवारी आला नाही, पुढच्याही नाही, पट अजून कपाटात पडून आहे.

मी भडकले. एका चांगल्या मुलाला तुम्ही घालवलंत, असं तोंडावर म्हणाले. मावशी तांदूळ निवडत होत्या. "चांगला आसंल की," त्या म्हणाल्या. "पन मला कसं कळावं?" एवढं बोलून त्यांनी खडा बाजूला टाकला. त्या दिवशी मला त्या अतिशय दुष्ट वाटल्या. दारात बसण्याची सत्ता बाईच्या डोक्यात गेली आहे, असं मी नीलमला म्हणालेही.

असं सगळं चालू असताना मॅडम आल्या.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला डोंगराच्या कुशीत आता पुण्याच्या लोकांचे बरेच बंगले झालेत. त्यातल्याच एका बंगल्यात मॅडम, त्यांचे यजमान आणि रांगतं बाळ कायमचे राहायला आले होते. दोघं घरूनच काम करायचे. मॅडम पहिल्याच दिवशी जमिनीवर मांडी घालून मुलांत बसल्या. फोटो काढला नाही. कानतुटक्या कपातून चहा प्यायल्या, चांगला आहे म्हणाल्या, कप धुऊन जागेवर पालथा घातला. मावशींच्या प्रश्नालाही त्यांचं उत्तर तयार होतं. पुण्यात वर्षानुवर्षं कामाला असलेल्या बाईंशी त्यांनी तिथूनच मावशींचा फोन जोडून दिला, आणि त्या बाई भरभरून बोलल्या. मी चाळीसेक वर्षं फोनवरचे आवाज ऐकलेत. मलाही तो आवाज खरा वाटला.

मॅडमना सानिका आवडली. सानिका म्हणजे मंदाची मुलगी, चौथीतली, पण चण अशी बारीक की दुसरीतली वाटावी. मंदा मूळची पासली गावाकडची, मावशींच्या माहेरचीच. भातशेतीच्या तुकड्यावर भागेना म्हणून नवऱ्याला तिथं ठेवून ती भोरमध्ये चार घरची कामं करत होती. पोरगी हुशार होती, इंग्रजी कविता माझ्याआधी म्हणायची. मॅडमनी मंदाला सांगितलं की सानिकाला माझ्याकडे राहू द्या. इंग्रजी शाळेत घालते. बाळाला सोबत होईल, मला थोडी मदत होईल. अगदी घरच्यासारखी ठेवीन.

मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. नीलमने बालमजुरीचा कायदा आठवून कपाळाला आठी घातली, पण शाळेचं नाव निघाल्यावर तीही विचारात पडली. मी तर मनातून केव्हाच हो म्हणून बसले होते. आणि सानिकाला कुणी विचारलं नव्हतं तरी तिचं उत्तर चेहऱ्यावर होतं. मॅडमनी तिला मोबाईलवर एक खोली दाखवली होती, खिडकीपाशी पलंग, त्यावर पिवळी चादर. मंदाच्या भाड्याच्या खोलीत पलंग मावत नव्हता.

मावशींनी "घरच्यासारखी" हा शब्द एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिला, भातात खडा लागावा तसा. मग म्हणाल्या, "आमी घर बघून येतो."

मॅडम आनंदाने गाडी पाठवते म्हणाल्या. मावशींनी गाडी नाकारली. त्यांच्या गाडीनं गेलं की परतायचं त्यांच्या मनावर, असं त्यांचं गणित. म्हणून रविवारी मावशी, मंदा, सानिका आणि मी एसटीने नसरापूर आणि तिथून माणशी भाड्याच्या वडाप रिक्षात कोंबून घेऊन बंगल्यावर पोचलो. सानिकाने नवा फ्रॉक घातला होता आणि सगळ्या रस्त्याला ती माझ्याशी इंग्रजीत बोलत होती. मावशी बाहेर बघत होत्या.

बंगला छान होता. मॅडमनी आम्हाला सोफ्यावर बसवलं, सगळ्यांना एकसारख्या सुंदर कपांतून चहा दिला, स्वतःही तसाच घेतला. मी मावशींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. खोलीही होती, पलंगही होता, चादर पिवळीच होती. सानिका काठावर टेकली आणि हळूच उडी मारून पाहिली. मंदाने पदर तोंडाला लावला. आता फक्त दिवस ठरवायचा उरला होता.

तेवढ्यात मावशींनी रिकामे कप गोळा केले. मॅडम नको नको म्हणाल्या, पण मावशींना कामापासून अडवणं कठीण. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळाचा आवाज येण्याऐवजी एकदम शांत झालं. थोड्या वेळाने त्यांनी सानिकाला हाक मारली. हाक नेहमीसारखी नव्हती, म्हणून आम्ही सगळ्याच उठून मागे गेलो.

भांड्यांच्या सिंकखाली एक लाकडी स्टूल होतं. ठेंगणं, दोन पायऱ्यांचं, कोरं करकरीत, किमतीची चिठ्ठी अजून पायाला चिकटलेली. मावशींनी ते पायाने पुढे ओढलं आणि आधी स्वतःच त्यावर चढल्या. सिंक त्यांच्या मांड्यांपाशी आलं. "माज्या मापाचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि धरत धरत उतरल्या. मग सानिकाला म्हणाल्या, "चढ गं बाळा."

सानिका चढली. तिला तो खेळ वाटला. तिने हात पुढे केले आणि तिचे दोन्ही हात, कोपरातून वाकून, बरोब्बर नळाखाली आले.

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या की अहो, तिला हात धुता यावेत म्हणून आणलंय ते, बेसिन उंच आहे ना आमच्याकडे. बेसिन खरंच उंच होतं. निघताना मी पाहिलं. पण बेसिन पलीकडे बाथरूमपाशी होतं, आणि स्टूल इथं होतं. आता, नवी वस्तू घरात आणली की माणूस कुठंही ठेवतो. मीही ठेवते. मी हे सगळं मनात म्हणत होते आणि मंदाकडे बघत होते. मंदा स्टुलाकडे बघत होती. रोज चार घरच्या सिंकपाशी उभी राहणारी बाई ती, तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने सानिकाला काखेत हात घालून खाली घेतलं आणि म्हणाली, "चला मावशी."

सानिका रडायला लागली. पलंग, शाळा, बाळ, सगळ्याची नावं घेऊन रडली. फाटकापर्यंत रडली आणि रिक्षा मिळेपर्यंत रडली. मॅडम फाटकात उभ्या होत्या, त्यांचेही डोळे भरलेले होते. ते अपमानाने भरले होते की आणखी कशाने, ते मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही.

परतताना रिक्षात मी मावशींना म्हणाले की एका स्टुलावरून तुम्ही एवढं ठरवलंत. ती बाई चांगलीही असू शकते. मावशींनी हनुवटीवरच्या व्रणावर बोट ठेवलं. इतकी वर्षं विचारलं की "पडले हुते" एवढंच सांगायच्या. आता सांगितलं. सानिकाएवढ्या असताना त्यांना पासलीहून भोरच्या एका घरी आणून ठेवलं होतं, शाळेत घालतो म्हणून, घरच्यासारखी ठेवतो म्हणून. ओट्याशी हात पुरेना, तर तेलाचा डबा उलटा घालून दिला होता. एक दिवस डबा सरकला.

"शाळा?" मी विचारलं.

"डब्यावरनं शाळा दिसायची की खिडकीतनं," मावशी म्हणाल्या. मग नसरापूरचे दिवे दिसायला लागल्यावर माझ्याकडे न बघता बोलल्या. "म्या चुकले आसंन तर पोरगी आईपाशी राहिली. म्या चुकले नसंन तर?"

एवढ्याने माझा राग गेला असं मात्र नाही. मॅडम पुन्हा केंद्रात आल्या नाहीत. इंग्रजी शाळा हुकली ती हुकलीच. सानिकाने मावशींशी बोलणं टाकलं, तेही असं की दारातून आत येताना पायांवरून उडी मारून जायची, पण पाय घ्या म्हणायची नाही. मावशी ते मुकाट सोसायच्या. फक्त तिची उडी जवळ आली की पाय थोडे खाली घ्यायच्या, पोरगी अडखळू नये म्हणून. ते मी पाहिलं आणि मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

एकदा मी मुद्दाम छेडलं की मॅडमनी कप तर धुऊन ठेवला होता, मग तुमच्या कपाचा उपयोग काय? मावशींनी कपाकडे पाहिलं. "काय न्हाई. कप कुनी बी धुतं." मग कशाला ठेवलाय? त्या जराशा लाजल्या. "तुमी लोकं त्यातनं पिता, तवा मला बरं वाटतं." इतक्या वर्षांत मला मिळालेलं हे त्यांचं सर्वांत खरं उत्तर. मी त्यानंतरही त्याच कपातून प्यायले. बरं वाटू दे म्हटलं.

गेल्या वर्षी मावशींचे गुडघे पार बसले. भाऊ पासलीहून न्यायला आला. भाचे सांभाळतील म्हणाला. मावशींनी त्याचीही चौकशी केली असणार. निघायच्या दिवशी भोरच्या एसटी स्टँडवर नीलम होती, मी होते, कामं टाकून आलेल्या बायका होत्या. मावशी खिडकीपाशी बसल्या, मांडीवर बोचकं, चष्म्याची दोरा बांधलेली काडी कानामागे. गाडी सुटायची वेळ झाली तरी त्या कुणाशी धड बोलत नव्हत्या. गर्दीतून सानिका पुढे आली. तोवर ती सातवीत गेली होती, अंगानेही वाढली होती. ती खिडकीखाली उभी राहिली आणि मनात साठवलेलं एकदम विचारून टाकलं.

"मावशी, त्या मॅडम खरंच वाईट होत्या का?"

मला वाटलं, आता मावशी स्टुलाचं सांगणार, डब्याचं सांगणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ठावं न्हाई गं," मावशी म्हणाल्या. "मला कंदीच कळलं न्हाई."

सानिकाने उघड्या खिडकीतून हात आत घातला, आणि मावशींनी तो धरला. तो हात उलटासुलटा करून, बोटांची पेरं, तळवा, सगळं चष्म्याजवळ नेऊन पाहिलं. पेनाची शाई होती, तिथं अंगठा फिरवला. कंडक्टरने घंटी मारल्यावर सोडला.

गाडी हलली आणि मावशींचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. त्यांची नजर सगळ्यांवरून फिरून माझ्यावर थांबली.

"हिला घरापतूर कोन सोडनार?"

"मी सोडते," मी म्हणाले.

गाडी वळण घेईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या, पायांपासून डोक्यापर्यंत, पहिल्या दिवसासारख्या. मग आत बसल्या.

सानिका म्हणाली की मी जाईन एकटी, लहान आहे का मी. मी तिला दारापर्यंत सोडलं, आणि मंदा कामावरून येईपर्यंत तिथंच पायरीवर बसून राहिले.